'अत्यल्पसिकत' की 'अल्ट्रामॅफिक'?

प्रश्न : निकेलच्या खाणींवर मराठीत लिहितोय. 'अल्ट्रामॅफिक इंट्रूझिव्ह'साठी 'अत्यल्पसिकत अंतर्वेशी खडक' चालेल का?

प्रतिसाद : 'अंतर्वेशी' चालेल, काही जण 'अंतर्भेदी' लिहितात. शिलारस आधीच्या खडकांत घुसला आणि भूपृष्ठाखालीच थिजला, हे दोन्हींतून कळतं. अडचण 'अत्यल्पसिकत'ची आहे. तो प्रतिशब्द अल्ट्राबेसिकचा. सिकता म्हणजे वाळू, त्यावरून सिलिका. ती ४५ टक्क्यांहून कमी असली की खडक अत्यल्पसिकत. अल्ट्रामॅफिक मात्र खनिजांवरून ठरतो. त्यात ऑलिव्हीन, पायरोक्सीन अशी मॅग्नेशियम-लोहयुक्त खनिजं ९० टक्क्यांहून जास्त लागतात.

प्रश्नकर्ता : पण खडक तेच ना? उगाच काथ्याकूट कशाला?

प्रतिसाद : ड्युनाइट, पेरिडोटाइट सहसा दोन्हींत बसतात. पायरोक्सिनाइट अल्ट्रामॅफिक असतो, पण त्यात सिलिका ५० टक्क्यांच्या वरही जाते; त्याला अत्यल्पसिकत कसं म्हणणार? शिवाय तुमचा विषय निकेल. त्याचा आयन आकाराने मॅग्नेशियमच्या आयनाजवळचा, म्हणून तो ऑलिव्हीनच्या स्फटिकात सहज शिरतो. म्हणजे नातं खनिजांशी आहे, सिलिका किती कमी याच्याशी थेट नाही.

पण असं विखुरलेलं निकेल खाणवाल्याच्या कामाचं नसतं. शिलारसात पुरेसं गंधक असलं (कित्येकदा ते भोवतालच्या खडकांतून येतं) तर सल्फाइडचा वेगळा, जड द्रव सुटतो, निकेल ओढून घेतो आणि तळाशी साचतो. त्यातून पुढे पेंटलँडाइट हे निकेलचं सल्फाइड खनिज मिळतं. चीनच्या गान्सू प्रांतातलं जिनचुआन हे याचं ठळक उदाहरण : सुमारे ६ किलोमीटर लांबीचं, चिंचोळं अल्ट्रामॅफिक अंतर्वेशन.

आणखी एक जण : मग सह्याद्रीच्या काळ्या कातळातही निकेल हवं!

प्रतिसाद : तो बेसाल्ट, म्हणजे मॅफिक (मॅग्नेशियम-लोहयुक्त खनिजं बरीच, पण ९० टक्क्यांहून कमी), 'अल्ट्रा' नव्हे. (तरी रशियातल्या नोरिल्स्कचं निकेल अशाच लाव्हा-पठाराशी निगडित आहे, तेव्हा हसून सोडून देण्यासारखी शंका नाही.) अल्ट्रामॅफिक बघायचे तर कणकवलीकडे जा, तिथे त्यांच्यात क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, सापडतं. ओडिशातल्या सुकिंद्यात क्रोमाइटवरच्या जांभ्यासारख्या थरात निकेल आहे, पण ते खडक कुजल्यावर साठलेलं. त्याला 'अंतर्वेशी साठा' लिहू नका.

प्रश्नकर्ता : मग शब्द कोणता ठेवू?

प्रतिसाद : सरळ 'अल्ट्रामॅफिक'. 'मॅग्नलोही' वगैरे काही घडवू नका, कंसात पुन्हा मूळ शब्द द्यावाच लागेल. 'अत्यल्पसिकत' फक्त सिलिकेबद्दल बोलताना.