मदत हवी आहे: मार्चमधला स्की आठवडा – त्सेल आम झे, ओबरगुर्गल की वेंगेन?

म्युनिकहून आम्ही नऊ जण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस जाणार आहोत. दोघं सराईत, चौघं अगदी नवखे (त्यांच्यासाठी स्की स्कूल घेणारच), एक सहा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. ते दोघं स्की करणार नाहीत, पण दिवसभर खोलीत बसणाऱ्यातलेही नाहीत.

गाडी नाही, ट्रेननेच जायचं आहे. चौघं शाकाहारी, म्हणून स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच हवं. रोज चीज खाऊन आई वैतागेल.

फ्रान्समधलं वाल तोराँस २३०० मीटरवर, बर्फाची चिंता नाही, पण म्युनिकहून फार लांब म्हणून सोडलं. ऑस्ट्रियातलं ओबरगुर्गल १९०० मीटरच्या वर आहे, पण ओट्सताल स्टेशनहून सामान घेऊन बस, आणि आई-बाबा तिथे करणार काय? स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला उलट ते ट्रेनने थेट स्कीच्या उतारांमधल्या क्लायने शायडेग खिंडीपर्यंत, २०६१ मीटरवर येऊ शकतात, म्हणजे जेवायला सगळे एकत्र. फक्त स्विस दर पाहून छातीत धडकी भरते.

ऑस्ट्रियातलंच त्सेल आम झे सर्वात सोयीचं: स्टेशन गावातच, फिरायला तळं. पण गाव जेमतेम ७५७ मीटरवर. शेजारच्या काप्रून गावच्या किट्सश्टाइनहॉर्न हिमनदीवर बर्फ असेल हे माहीत आहे, पण तिथे रोज बसने जावं लागेल.

मार्चमध्ये त्सेलला राहिलेल्यांनी सांगा: खालच्या, नवख्यांच्या उतारांवर दुपारनंतर बर्फाचा चिखल होतो का? आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन रोज काप्रूनची बस झेपते का?