ग्रीक संस्कृती 'पसरली' की मिसळली?

नाणेवेडा:
अलेक्झांडरनंतर ग्रीक संस्कृती पूर्वेकडे 'पसरली' असं आपण सरसकट लिहितो. मला तो शब्दच खटकतो. अफगाणिस्तानात आय खानुम या प्राचीन ग्रीक शहराच्या उत्खननात १९७० साली अगाथोक्लीस या ग्रीक राजाची सहा चांदीची नाणी मिळाली. चौकोनी. एका बाजूला नांगर-मुसळ घेतलेला संकर्षण (बलराम) आणि ग्रीक लेख, दुसरीकडे चक्रधारी वासुदेव आणि ब्राह्मी लेख. राजा ग्रीक, देव आपले. याला पसरणं कसं म्हणायचं?

नाईलकाठ:
सहमत नाही. नाणी राजा पाडतो, ती चालायला हवीत म्हणून प्रजेचे देव घेतो. इजिप्त बघा. टॉलेमी या ग्रीक घराण्याने तिथे जवळजवळ ३०० वर्षं राज्य केलं आणि प्लुटार्क सांगतो त्याप्रमाणे, प्रजेची भाषा शिकली ती थेट शेवटची क्लिओपात्रा! मानेथो तिथलाच पुजारी, पण स्वतःच्या देशाचा इतिहास त्याने लिहिला ग्रीकमध्ये. दरबारात वर चढायचं तर ग्रीक यायलाच हवं. यात मिसळणं कुठे आलं?

नाणेवेडा:
मानेथोचं मान्य. पण हेलिओडोरसचं काय? तक्षशिलेचा हा ग्रीक, अंतलिकित या ग्रीक राजाचा दूत म्हणून विदिशेला भागभद्र राजाकडे आला आणि बेसनगरला वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. लेख प्राकृतात, आणि स्वतःला 'भागवत', म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवतो. त्याच्यावर कुणाची सक्ती होती?

नाईलकाठ:
अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण! विदिशेत ग्रीकांची सत्ता नव्हती. सत्ता नव्हती तिथेच ते मोकळेपणाने मिसळले.

लेणीभटक्या:
कार्ल्यालाही तेच दिसतं. काळ जरा नंतरचा, पण चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, दानलेख आहेत आणि नावं मात्र 'सिहधय' (सिंहध्वज) अशी आपली. प्रत्यक्ष खांबापाशी उभं राहून ती अक्षरं बघावीत, अंगावर काटा येतो. पण नाईलकाठ, आय खानुमला तर सत्ता ग्रीकांचीच होती. तरी मुख्य देवळाचा आराखडा मेसोपोटेमियाच्या वळणाचा, भिंती जाडजूड कच्च्या विटांच्या. आतल्या मूर्तीचं एक संगमरवरी पाऊल सापडलं, चपलेवर वज्राची नक्षी. देव झ्यूस मानला जातो, घर मात्र पूर्वेचं. हे कशात बसवणार?

नाईलकाठ:
देवळापुरतं मान्य, ते माझ्या मांडणीत बसत नाही. पण त्याच शहरात डेल्फी या ग्रीसमधल्या देवस्थानाची उपदेशवचनं दगडावर कोरून लावली, ती ग्रीकमध्येच. शेजारच्या बाख्त्री, म्हणजे तिथल्या स्थानिक, शेतकऱ्याने ती वाचावीत असं कुणाला वाटलं होतं का?