माळ्यावर सापडलेली बाबांची हॅट, आणि इंडियाना जोन्सच्या शेवटच्या दोन भागांनी दगा दिला की नाही (तुमचेही अनुभव सांगा)

उद्यमबागचा_पोरगा

परवा आईनं माळा झाडायला लावला. गणपती जवळ आले की मखराचं सामान काढायच्या निमित्तानं आमचं निम्मं घर खाली उतरतं. मखराच्या खोक्याखाली बाबांची तपकिरी फेल्ट हॅट निघाली. एका बाजूनं उंदरानं कुरतडलेली, पण आकार शाबूत.

बाबा फाउंड्रीत होते. इंग्रजी यायचं ते मशीनवरच्या पाट्यांपुरतं. तरी १९९०च्या सुमारास मला सायकलवर डबल सीट घेऊन कॅम्पात इंडियाना जोन्सचा तिसरा भाग, 'लास्ट क्रुसेड', बघायला गेले. इंडीचा म्हातारा बाप छत्री उघडून समुद्रपक्ष्यांचा थवा उठवतो आणि विमान पाडतो, तिथं बाबा इतके हसले की पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला. बेळगावच्या माणसाला छत्रीचा असा उपयोग सुचला नव्हता एवढंच. नंतर कधीतरी मडगावहून ही हॅट आणली, इंडी घालतो तसली. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आता हे घालून भाजी आणायला जाणार काय?" गेले की. दोन-तीनदा गेले.

चौथा भाग २००८ला आला तेव्हा मी पुण्यात नोकरीला. मित्रांबरोबर बघितला आणि बाहेर येऊन तासभर शिव्या घातल्या. पाचवा २०२३च्या जूनअखेरीस आला, तो बाबांना घेऊन बघितला. बाहेर आपला नेहमीचा पाऊस. पिक्चरच्या शेवटी हॅट बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर अडकवलेली दिसते, तर बाबा मोठ्यानं म्हणाले, "टोपी आत घ्या म्हणावं, भिजेल."

माझं मत सांगतो, मग तुम्ही बोला. चौथ्यानं दगा दिला असं आता मला वाटत नाही. दगा पाचव्यानं चौथ्याला दिला. लोकांना इंडीचा पोरगा आवडला नाही म्हणून ओरड झाली, तर पुढच्या भागात त्याला व्हिएतनामला पाठवून एका वाक्यात मारून टाकला. संसार मोडला, बायकोचे, मॅरियनचे, घटस्फोटाचे कागद आले. चौथ्याच्या शेवटी ज्यांचं लग्न बघून आम्ही उठलो होतो, त्यांचं हे केलं.

अनगोळकर

फ्रिज.
बास. पुढं बोलायची गरजच न्हाई.

शहापूरची_सून

फ्रिज एकवेळ चालतो हो. तो पोरगा माकडांबरोबर वेलींवर लोंबकळत जातो ते? आमच्या धाकट्यानं टीव्हीवर बघून हॉलच्या पडद्याला धरून उडी घेतली. रॉड भिंतीतून निखळला, गिलावा निघाला, सासूबाईंनी आठवडाभर तोंड फुगवलं. पिक्चर वाईट असला तर मला काही नाही, पण भिंतीचे पैसे कोण देणार होतं?

फ्रिजवाला_अण्णा

मी २२ वर्षं फ्रिज रिपेअरी करूलालोय, तवा या विषयावर मला बोलू द्या.

सगळे म्हणतात अणुबाँब फुटला, ह्यो फ्रिजमधी बसला, फ्रिज उडाला, ह्यो वाचला, कसं काय? अहो आत शिशाचा पत्रा हाय असं दाखवलंय, सोडा. पिक्चर हाय. पण त्यो बाहेर कसा आला ह्ये कुणीच इचारत न्हाई. जुन्या फ्रिजच्या दाराला बाहेरनं कडी असायची, खटका असलेली. आतनं उघडायचीच न्हाई. अमेरिकेत लपाछपी खेळताना पोरं टाकून दिलेल्या फ्रिजमधी अडकून गुदमरून मेली, म्हणून १९५६ला कायदा केला की दार आतनं उघडलं पायजे. म्हणून मग दाराला लोहचुंबकाचं गॅसकेट आलं. पिक्चरातली गोष्ट १९५७ची. कायदा आला म्हणून घरातला जुना फ्रिज कोण लगेच बदलतंय व्हय? आपटून दार उघडलं म्हणाल, तर तसली कडी आपटून सुटत न्हाई, मी हातोडी घालून बघितलीय.

म्हणजे बाँबमधनं वाचला ह्ये मला पटतंय. दार उघडलं ह्ये न्हाई.

अनगोळकर

अण्णा 🙏🙏 तीन वर्षं मी चुकीच्या कारणासाठी भांडूलालतो.

निपाणीकर

विनोद राहू द्या बाजूला. पहिल्या तिन्ही भागांत एक गोष्ट सारखी होती. माणूस शिकलेला, प्रोफेसर, कशावर विश्वास नाही, आणि शेवटी कुठंतरी त्याला मान खाली घालावी लागते. पहिल्यात देवाच्या आज्ञा ठेवलेला तो पवित्र कोश उघडतात तेव्हा तो मॅरियनला सांगतो डोळे मीट, स्वतःही मिटतो. तिसऱ्यात बापाला वाचवायचं म्हणून न दिसणाऱ्या पुलावर पाय टाकतो. माझी आजी यल्लम्माच्या डोंगराला चालत जायची, तिला हे पिक्चर न सांगता कळले असते. चौथ्यात काय? तबकडी उडून जाते आणि हा टेकडीवरून बघत उभा. नमस्कार करण्यासारखं काहीच उरलं नाही. दगा म्हणायचा तर हा.

टिळकवाडीचे_काका

निपाणीकर, मांडणी चांगली, पण अर्धीच सांगितलीत. पहिले तीन भाग घडतात १९३५ ते १९३८ या काळात आणि बेतलेत त्या काळच्या मालिकापटांवर. दर आठवड्याला एक भाग, हिरो कड्यावर लटकलेला, उरलेलं पुढच्या शनिवारी. चौथ्यात साल १९५७. नाझी गेले, रशियन आले. त्या दशकात अमेरिकेत उडत्या तबकड्यांचे स्वस्त सिनेमे निघायचे. म्हणजे काळ बदलला तसा सिनेमाचा नमुनाही बदलला. तुम्हाला आवडला नाही हे वेगळं. मलाही मधला जंगलातला पाठलाग कंटाळवाणा वाटला. पण दगा म्हणायला आधी वचन असावं लागतं. वचन कुणी दिलं होतं?

निपाणीकर

काका, पोस्टरवर तीच टोपी, तोच चाबूक, जॉन विल्यम्सचं तेच संगीत. वचन म्हणजे अजून काय असतं?

टिळकवाडीचे_काका

हे मात्र खरं. हरलो. (तात्पुरता.)

वडगावकर_ताई

दगा दगा करताय, तो आपल्याला १९८४लाच दिला होता की. दुसऱ्या भागात राजवाड्यातली ती जेवणाची पंगत आठवा. सापाच्या पोटातून साप, माकडाचा मेंदू. भारत सरकारनं शूटिंगला परवानगी दिली नाही म्हणून गाव उभं केलं श्रीलंकेत, आणि आपले 'भारतीय' गावकरी पडद्यावर सिंहली बोलतात! मी कॉलेजात असताना गल्लीतल्या गणपतीत व्हिडिओवर लावला होता. आमच्या मंडळाचे अध्यक्ष माकडाचा मेंदू आल्यावर उठले, टीव्ही बंद केला, म्हणाले समोर बाप्पा बसलाय. मग आरती झाली. अर्धी पोरं रडायला लागली कारण त्यातला खलनायक मोला राम अजून यायचा होता.

अमरीश पुरींनी त्या भूमिकेसाठी डोकं भादरलं ते कायमचंच. आपल्यासाठी त्या पिक्चरमधली एकच गोष्ट खरी, आपले अमरीश पुरी.

येळ्ळूरचा_वाघ

मोला राम 🔥 आमच्या वर्गात एक मास्तर होते त्यांचं नावच पडलं होतं. अजून पोरं त्याच नावानं हाक मारत्यात, पाठीमागं.

गोकाकची_माहेरवाशीण

दोरीचा पूल म्हटलं की मला लंकेतला नाही, आमचा गोकाक फॉल्सचा झुलता पूल आठवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे. व्हिडिओवर पिक्चर बघून आलो आणि दुसऱ्या दिवशी मामेभाऊ वडिलांचा पट्टा चाबूक म्हणून घेऊन पुलावर. मी कर्मानं ती सारखी किंचाळणारी बाई, कारण दुसरी मुलगीच नव्हती. मध्यावर जाऊन त्यानं पूल जोरात हलवला. खाली घटप्रभा, शेजारी ५२ मीटरचा धबधबा. मामी काठावरून ओरडतेय, "ए, बीळ्तियो, बीळ्तियो!" (पडशील रे!) आणि भावाला वाटतंय पब्लिक खूश झालं. नंतर तोच पट्टा त्याच्यावर चालला.

तो आता बेंगळुरात आयटीत आहे. लिफ्टमध्ये एकटा जायला घाबरतो. सांगू नका त्याला.

पाचवा भाग मी बघितलाच नाही. सगळे म्हणाले म्हातारा दिसतो. मला नाही बघायचा म्हातारा.

कडोलीचा_फोटोवाला

ताई, म्हातारा परवडला. पाचव्याची सुरुवात १९४४ची आहे, तिथं कॉम्प्युटरनं त्याला तरुण केलाय. चेहरा चाळिशीचा, आवाज ऐंशीचा. माझा लग्नाच्या अल्बमचा धंदा. गिऱ्हाईक म्हणतं, दादा जरा सुरकुत्या काढा, मामांना दहा वर्षं कमी करा. करतो. पण व्हिडिओत मामा बोलायला लागले की मी हात टेकतो. तिकडं एवढे कोट्यवधी डॉलर घालून त्यांनी पण हातच टेकले बघून बरं वाटलं.

शहापूरची_सून

यावरून आठवलं, 'नवरा माझा नवसाचा २' कोण कोण बघून आलं होतं? पहिल्यानंतर २० वर्षांनी. एसटीच्या जागी रेल्वे. आम्ही कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो तेव्हा बघितला. माझ्या मिस्टरांना एसटीच हवी होती. म्हणतात गणपतीपुळ्याला रेल्वेनं जाणं म्हणजे नवसाला शॉर्टकट.

अनगोळकर

वैनी, मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. बरोबर बोलले.

निवृत्त_सुभेदार_खानापूर

नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली. ट्रेनिंग इथंच बेळगावच्या सेंटरला. सिनेमाचं मला फारसं कळत नाही. नातवानं मोबाईलवर हा पाचवा भाग लावून दिला.

वर लिहिलंय पोराला एका वाक्यात मारलं, अन्याय केला. भाऊ, बातमी एका वाक्यातच येते. त्याला दुसरं वाक्य नसतं. एकदा मला एका घरी जावं लागलं होतं, गाव सांगत नाही. बापानं आधी आम्हाला पाणी विचारलं. चुलीवर चहा ठेवायला लावला. मग म्हणाला, बोला. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा नवरा पडवीत झोपत होता, बायको आतल्या खोलीत. भांडण नव्हतं. एकमेकांकडे बघितलं की पोरगा दिसायचा, म्हणून बघत नव्हते.

सिनेमात इंडीबरोबर असलेली ती पोरगी त्याला विचारते, मागं जाता आलं तर काय करशील? तो म्हणतो पोराला भरती होऊ देणार नाही. एवढंच मी दोनदा मागं घेऊन बघितलं. बाकी मासे, पाणबुडे, ग्रीक लोक नातवाला आवडले.

उद्यमबागचा_पोरगा

सुभेदार काका, माझं वरचं वाक्य मागं घेतो. ठेवतो तसंच, खोडत नाही, पण मागं घेतलं असं समजा.

वडगावकर_ताई

काका, त्या आईबाबांचं पुढं काय झालं?

निवृत्त_सुभेदार_खानापूर

ती गेली. तो आहे. भात लावतो अजून.

येळ्ळूरचा_वाघ

🙏

निपाणीकर

सुभेदार साहेबांनी सांगितल्यावर बोलायला नको, पण एक राहिलं. शॉर्टी. दुसऱ्या भागातला तो चिनी पोरगा, के हुई क्वान. २०२३च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळालं, आणि त्याच रात्री त्याच्या पिक्चरला सर्वोत्कृष्टचं पारितोषिक द्यायला स्टेजवर आपला इंडी, हॅरिसन फोर्ड. दोघांनी मिठी मारली. तीन महिन्यांनी पाचवा भाग आला, त्यात शॉर्टी नाही! घरात जेवण तयार आहे, पाहुणा दारात आहे, आणि तुम्ही दार लावून घेता? मी मिठीचा तेवढाच तुकडा मोबाईलमध्ये ठेवलाय. माझ्यापुरता पाचवा भाग तोच.

गोकाकची_माहेरवाशीण

आमच्या कुत्र्याचं नाव इंडी आहे. तिसऱ्या भागात बाप सांगतो ना, इंडियाना हे कुत्र्याचं नाव होतं म्हणून. शेजारच्या अज्जी त्याला 'इडली' म्हणतात. तो त्यालाच ओ देतो.

टिळकवाडीचे_काका

उद्यमबाग, वडिलांचं मत काय ते सांगितलंच नाहीस. एवढं रामायण झालं आणि रामच गप्प.

उद्यमबागचा_पोरगा

काका, सगळं वाचून दाखवलं आत्ता. त्यांना चौथा आवडतो. का, तर त्यात शेवटी लग्न आहे आणि "टोपी पोराच्या पायाशी उडत जाते, पोरगा घालायला बघतो, तर बाप जाता जाता हातातून काढून घेतो. बरोबर केलं. एवढ्यात द्यायची नसते." म्हणजे कुरतडलेली हॅट मला मिळणार नाही हे नक्की झालं. आता ती पुसून खुर्चीवर ठेवलीय, आणि आई म्हणते चतुर्थीला पाहुणे कुठं बसणार.

आणि फ्रिजवाले अण्णा, तुम्ही इथं आहात म्हणून विचारतो. आमचा फ्रिज आठवडाभर नुसता बर्फ धरूलालाय, खाली पाणी साठतंय. मोदकाचं सारण ठेवायचंय त्यात. कधी येताय?

फ्रिजवाला_अण्णा

ऐतवारी सकाळी येतो. प्लग काढून ठेवा. आणि दार उघडून एकदा बघा, आत कोण बसलंय काय.