थ्रोम्बोलिसिसचं औषध म्हणजे ‘रक्त पातळ करणारं’ का?

प्रश्न : स्ट्रोकच्या (पक्षाघाताच्या) एका ट्रायलचं, म्हणजे औषधाच्या चाचणीचं, संमतीपत्र मराठीत करतेय. आधीच्या मसुद्यात थ्रोम्बोलिटिक औषधाला (मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी घालवायला देतात ते) ‘रक्त पातळ करणारं इंजेक्शन’ म्हटलंय, नातेवाइकांना पटकन कळतं म्हणे. मला खटकतंय. दुसरं काय लिहू?

प्रतिसाद : खटकायलाच हवं ताई. रक्त पातळ करायच्या म्हणून आपण ज्या गोळ्या म्हणतो, ॲस्पिरिन, वॉरफरिन वगैरे, त्या नवी गुठळी होऊ नये म्हणून असतात, झालेली गुठळी त्यांनी जात नाही. अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही थ्रोम्बोलिटिक औषधं मात्र शरीरातल्या प्लास्मिनोजेन या प्रथिनाचं प्लास्मिन करतात आणि ते प्लास्मिन गुठळीतले फायब्रिनचे धागे तोडतं. शिवाय कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारणारच की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कारण वॉरफरिन चालू असून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) १.७ च्या वर असेल तर सहसा हे इंजेक्शन देत नाहीत, मग दोन्हीला एकच शब्द वापरला तर घरचे म्हणणार रक्त आधीच पातळ आहे, परत कशाला. सरळ ‘गुठळी विरघळवणारं औषध’ लिहा. ‘फोडणारं’ नको, तुकडे उडून पुढे जातील असं वाटतं.

प्रतिसाद : ‘विरघळवणारं’ला माझंही मत, पण शेजारीच रक्तस्रावाचं वाक्य हवं, नाहीतर शब्द फार निरुपद्रवी वाटतो. अमेरिकेतली १९९५ ची एनआयएनडीएस ट्रायल बघा, ६२४ पेशंट, ३ तासांच्या आत अल्टेप्लेज. तीन महिन्यांनी फारसं अपंगत्व न उरलेले पेशंट औषधाच्या गटात जास्त निघाले, पण त्रास होण्याइतका मेंदूतला रक्तस्राव ६.४ टक्क्यांना झाला, औषध न मिळालेल्यांत ०.६. स्ट्रेप्टोकायनेजही गुठळी विरघळवतंच, तरी स्ट्रोकमधल्या त्याच्या ट्रायल्स नव्वदच्या दशकात मधेच थांबवाव्या लागल्या, म्हणून औषधाचं नावही प्रत्येक ठिकाणी लिहाच.

प्रश्नकर्ती : आणि ‘नॉन-इन्फिरिअर’? टेनेक्टेप्लेजबद्दल सारखं येतंय.

प्रतिसाद : ‘जुन्या औषधापेक्षा कमी पडलं तरी आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नाही’. ‘सरस’ अजिबात नको. कॅनडाच्या २०२२ च्या ॲक्ट ट्रायलमध्ये चांगले बरे झालेले टेनेक्टेप्लेजवर ३६.९ टक्के आणि अल्टेप्लेजवर ३४.८, एवढ्यावरून वरचढ म्हणता येत नाही. खरी सोय म्हणजे टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात शिरेतून देता येतं, अल्टेप्लेजला तासभर ड्रिप लागते, पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलला हलवायचा असला की हे फार कामाचं.

प्रतिसाद : माझी एक कळकळीची विनंती, औषध कधीपर्यंत देता येतं ते सांगताना ‘लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तास’ एवढंच लिहून थांबू नका. आमच्याकडे अजून ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, आणि कधी गेलं विचारलं की ‘सकाळी उठल्यावर’ सांगतात, पण झोपेत झालं असेल तर वेळ रात्री झोपताना धडधाकट होता तिथपासून मोजतात. एमआरआय बघून अशा काही पेशंटना औषध देता येतं, २०१८ च्या वेक-अप ट्रायलनंतर ते पुढे आलं, तरी वेळ खरी कळायलाच हवी. म्हणून प्रश्नच असा छापा : ‘पेशंटला शेवटचं ठणठणीत कुणी पाहिलं, किती वाजता?’