मदत हवी आहे: फरक मालकीचा की आकाराचा?

राम राम मंडळी. जळगावला एमबीए करतोय. प्रोजेक्टचा विषय: कंपनी कोणाच्या मालकीची, त्यावर भरती-पगार-बढती कशी बदलते. वाचन झालं ते चीनचं. तिथे पूर्वी सरकारी कारखान्यात नोकरी म्हणजे घर, दवाखाना, पोरांची शाळा, सगळं कारखान्याचंच; 1986 पासून नवीन भरती मुदतीच्या करारावर सुरू झाली.

तुलनेसाठी आता इथल्या एमआयडीसीत डाळमिल आणि पाइपवाल्यांकडे फिरतोय. एका डाळमिलमध्ये रजेची पद्धत विचारली, तर शेठ म्हणाले, "पद्धत कसली भो, मुनीमजीला सांगायचं नि जायचं!" मुनीमजींच्या वहीत हजेरी, उचल, दिवाळीचा बोनस, सगळं एकाच पानावर. हे प्रश्नावलीच्या कुठल्या रकान्यात टाकू?

खरी अडचण वेगळीच. मला भेटलेले एकाच कुटुंबाच्या मालकीचे कारखाने लहान, लिमिटेड कंपन्या मोठ्या. मग दिसतो तो फरक मालकीचा की आकाराचा? सर म्हणतात रिग्रेशन (एकेका कारणाचा परिणाम आकडेमोडीने वेगळा काढायची पद्धत) लाव, पण कारखाने जेमतेम चौदा! सारख्या कामगारसंख्येच्या जोड्या लावल्या तर चालेल का? आणि शेठ शेजारी उभे असताना कामगार काय खरं बोलणार? त्यांना कुठे गाठायचं, तेही सांगा.