एयूसी चांगला, पण कशाच्या जोरावर?
‘एक्स-रे वाचणाऱ्या एआय टूलचा एयूसी (आजारी आणि निरोगी वेगळे ओळखण्याचा गुण; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक) ०.८७ आला, मग रेडिओलॉजिस्ट हवाच कशाला?’ असं विचारलं जातं. नेमकं याच आकड्याचं उदाहरण आहे. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०१७ मध्ये छातीचे १,१२,१२० एक्स-रे खुले केले. त्यांवर शिकवलेलं न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साठणं) ओळखणारं मॉडेल. ॲडलेडचे रेडिओलॉजिस्ट ल्यूक ओकडेन-रेनर आणि सहकाऱ्यांनी चाचणीतल्या फिल्म डोळ्यांखालून घातल्या, तर सुमारे ८० टक्के पॉझिटिव्हमध्ये छातीत ती हवा काढायची उपचाराची नळी आधीच! नळीवाल्यांत एयूसी ०.९४, बिननळीच्यांत ०.७७. बऱ्याच अंशी नळीच ओळखली जात होती. आणि उपचार राहिलेला रुग्ण बिननळीचाच असतो.

तेव्हा टूल घेण्याआधी पॉझिटिव्ह केसेस स्वतः उघडा. नळी, पेसमेकर, पोर्टेबल फिल्म असे गट पाडून प्रत्येकाची सेन्सिटिव्हिटी (खऱ्या आजारींपैकी किती पकडले) वेगळी काढा. लेबलं (आजार आहे की नाही याच्या नोंदी) रिपोर्टच्या मजकुरातून आपोआप उचललेली असतील, तर आधी तीच तपासा.