सॉलिटरी मांजरं : एकाकी, एकलकोंडी की एकांडी?

पानगळ :
मुलांच्या मासिकासाठी प्यूमा ह्या अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजरावर लेख लिहिते आहे. इंग्रजी पुस्तकं ह्या जनावराला सरसकट 'सॉलिटरी' म्हणतात. त्यासाठी संपादकांनी 'एकाकी' सुचवलंय आणि एका मैत्रिणीनं 'एकलकोंडा'. दोन्ही माझ्या गळी उतरत नाहीत. एकाकी म्हणजे ज्याचं कुणी उरलं नाही तो. एकलकोंडा म्हणजे ज्याला कुणी नकोच असतं तो. प्यूमा ह्या दोन्हींत बसत नाही.

कारण सांगते. अमेरिकेत वायोमिंग राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, यलोस्टोनच्या दक्षिणेला, मार्क एल्ब्रोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्यूमांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घातले आणि प्यूमांनी मारलेल्या जनावरांपाशी कॅमेरे लावले. २०१७ साली त्यातून जे प्रसिद्ध झालं ते वाचून मी चकित झाले. एकानं एल्क, म्हणजे तिथलं मोठं हरीण, मारायचं आणि दुसऱ्यानं येऊन त्यावर जेवायचं, हे तिथे पुन्हा पुन्हा घडत होतं. अभ्यासातला प्रत्येक प्यूमा एकदा तरी दुसऱ्याबरोबर जेवलेला होता. ते नात्यातलेच असायचे असंही नाही. उलट ज्यानं आधी आपल्याला खाऊ दिलं, त्याला पुढे आपल्या शिकारीवर येऊ द्यायचं, अशी परतफेड त्यात दिसली. एकाच नराच्या मुलखात राहणाऱ्यांचं आपसांत येणं-जाणं जास्त, पलीकडच्या नराच्या मुलखातल्यांशी कमी.

एल्क हे मोठं जनावर. एकटा प्यूमा ते बरेच दिवस खातो, आणि खाऊन झालं की पालापाचोळा, गवत, बर्फ ओढून झाकून ठेवतो. वाटेकऱ्याशी जिवावरचं भांडण करण्यापेक्षा त्याला जेवू देणं परवडतं.

तर ज्याचा एवढा शेजार आहे त्याला काय म्हणायचं? आणि जाता जाता 'टेरिटरी' (हक्क सांगितलेली जागा) आणि 'होम रेंज' (एरवी फिरण्याची जागा) ह्यांनाही वेगवेगळे शब्द हवे आहेत. मला दोन्हीकडे 'हद्द'च सुचते आहे.

बखरवाचक :
एकांडा. दुसरा शब्द शोधूच नका.

'एकांडा शिलेदार' आपण आता आलंकारिक अर्थानं वापरतो, पण पेशवाईच्या फौजेत तो खराखुरा प्रकार होता. स्वतःचं घोडं, स्वतःची हत्यारं घेऊन एकटा चाकरीला येणारा स्वार म्हणजे एकांडा. तो सरकारी पागेतला नसे, कुणा सरदाराच्या पथकातलाही नसे. पण तळ कुठे पडलाय, शेजारच्या राहुटीत कोण आहे, हे त्याला माहीत असे. तो एकटा होता, तुटलेला नव्हता. तुम्ही प्यूमाबद्दल जे सांगता आहात ते ह्याहून वेगळं नाही.

वनवाट :
बखरवाचक, शब्द सुरेख आहे, पण जंगलात त्याचा अर्थ सरकलाय. 'एकांडा गवा', 'एकांडा हत्ती' असं आपण म्हणतो तेव्हा कळपातून बाहेर पडलेला किंवा हुसकावलेला नर डोळ्यांपुढे येतो. प्यूमाला मुळात कळपच नसतो, मग तो बाहेर पडणार कुठून? शास्त्रीय लेखनात 'एकचर' चालतो. संस्कृतात तो एकट्यानं हिंडणाऱ्या प्राण्यासाठी आहेच. माझं मत एकचरला.

पानगळ :
वनवाट, नऊ-दहा वर्षांची मुलं एकचर वाचून 'निशाचर' आणि 'जलचर' आठवतील, आणि एकात चरणारा की काय असं विचारतील. तळटीप द्यायला जागा नाही.

तेंदूपत्ता :
टेरिटरीचं आधी बोलतो. आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर-यवतमाळकडे, वाघाचा 'इलाखा' म्हणतात. गाईड, गुराखी, वनमजूर सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. इलाखा म्हणजे ज्यावर हक्क सांगितलाय ती जागा. वाघ तो हक्क सांगतो कसा, तर झाडाच्या खोडावर मागं वळून मुताचा फवारा मारून, बुंध्यावर नखं ओढून, वाटेवर मागच्या पायांनी माती उकरून. प्यूमाचे नरही मागच्या पायांनी पाला-माती उकरून ढीग करतात आणि त्यावर मुततात, असं वाचलंय. दुसरा येऊन ते हुंगतो आणि त्याला कळतं की कोण, नर की मादी, ताजं की शिळं. समोरासमोर न येता चाललेलं हे बोलणंच आहे.

होम रेंजला मात्र इलाखा नको, हद्द तर नकोच. हद्द म्हटलं की रेघ आली, रेघ आली की राखण आली. एका नराच्या फिरण्याच्या जागेत दोन-तीन माद्यांच्या जागा येतात, माद्यांच्या एकमेकींवर थोड्याफार चढतात. ह्याला 'वावर' हा शब्द आहे की. पेपरात रोज येतो, 'बिबट्याचा वावर'. 'वावराचं क्षेत्र' म्हणा. आमच्याकडे वावर म्हणजे शेतसुद्धा, त्यामुळे वाघाचा वावर बहुतेक वेळा वावरातच असतो. आमच्या लोकांना दोन्ही अर्थ एका दमात कळतात.

ऊसपट्टा :
तेंदूपत्ता, एकदम बरोबर. आम्ही जुन्नर तालुक्यातले, आमच्याकडे बिबट्याचा वावर वावरातच. जंगलातला बिबट्या आम्ही पाहिलेला नाही, उसातलाच पाहिला. तो फडात जन्मतो, फडातच मोठा होतो. तोड सुरू झाली की मादीचा आडोसा जातो आणि पिल्लं उघड्यावर पडतात.

'एकाकी' म्हणणाऱ्यांनी त्या वेळी एकदा येऊन बघावं. तोडकऱ्यांना पाचटात पिल्लं सापडली की तोड थांबते, वनखात्याला फोन जातो. डॉक्टर पिल्लं तपासतात. दिवस मावळला की त्याच सरीत, जिथं सापडली तिथंच, पिल्लं क्रेटमध्ये ठेवतात, जवळ कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जातात. मादी येते. आधी येत नाही, बांधाच्या कडेनं फिरते, थांबते, पुन्हा फिरते. मग क्रेटपाशी येऊन पंज्यानं ते कलंडवते, एका पिल्लाला मानेला धरून उचलते आणि अंधारात जाते. दुसरं तिथंच बसून असतं. ती परत येते आणि त्यालाही नेते. ती आलीच नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा क्रेट ठेवतात. हे आमच्या भागात इतक्या वेळा झालंय की तोडकऱ्यांनाही आता ते माहीत आहे. पिल्लं उचलून नेली तर मादी बिथरते, हे सगळ्यांनी बघितलंय.

आणि एक विनंती. 'बछडा' लिहू नका. पेपरवाले सर्रास लिहितात. हिंदीत बछडा म्हणजे गाईचं वासरू. आमच्याकडं बिबट्याला पिल्लं होतात, वाघालाही पिल्लंच.

बखरवाचक :
ऊसपट्टा, बछड्याबद्दल शंभर टक्के सहमत. 'छावा' हत्तीच्या आणि सिंहाच्या पिल्लासाठी शोभतो, प्यूमासाठी तो फार भारदस्त होईल. पिल्लू उत्तम. प्यूमाच्या पिल्लांच्या अंगावर ठिपके असतात आणि मोठेपणी ते जातात, हे लेखात जरूर घ्या, मुलांना आवडेल.

खाडीपार :
मी कॅलिफोर्नियात राहते. आमच्या टेकड्यांवर पायवाटेच्या तोंडाशी 'माउंटन लायन'ची पाटी असते. पानगळ, लेखात 'डोंगरी सिंह' असं भाषांतर कृपा करून करू नका. सिंहाशी त्याचं जवळचं नातं नाही, चित्त्याशी आहे. प्यूमा हे नाव दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून आलंय, तेच ठेवा. कूगर, माउंटन लायन, कॅटमाउंट, फ्लोरिडात पँथर, सगळा एकच प्राणी. कॅनडातल्या युकॉनपासून अँडीजच्या दक्षिण टोकापर्यंत पसरलाय, मग जिथं गेला तिथं नाव पडलं. 'पँथर' तर मराठीत टाळाच. आपल्याकडे तो शब्द ऐकला की आधी १९७२ची दलित पँथर आठवते, आणि ते योग्यच आहे. त्या नावामागे अमेरिकेतली ब्लॅक पँथर चळवळ होती.

पण मला लिहायचं होतं ते 'एकाकी'बद्दल. हा शब्द पूर्ण टाकू नका. एका प्यूमासाठी तो राखून ठेवा. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये २०१२ साली एक नर कॅमेऱ्यात आला. संशोधकांनी त्याला पी-२२ म्हटलं. सांता मोनिका डोंगरांतून दोन अजस्र हमरस्ते ओलांडून तो तिथे पोचला होता. मोठ्या नराला शेकडो चौरस किलोमीटर लागतात, ह्याच्या वाट्याला शहराच्या मधोमध एवढंसं रान आलं. तिथे मादी नव्हती, दुसरा नर नव्हता, उकरलेल्या मातीचं उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. जवळजवळ दहा वर्षं तो तसा राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये आजारी आणि जखमी अवस्थेत त्याला दयामरण द्यावं लागलं, तेव्हा इथे अनोळखी लोक रस्त्यात थांबून त्याच्याबद्दल बोलत होते. १०१ हमरस्त्यावर प्राण्यांसाठी पूल बांधायला त्याच वर्षी सुरुवात झाली.

तेंदूपत्ता :
खाडीपार ताई, असाच आमचा एक. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर वाघ, २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर लावलेली. आईपासून सुटल्यावर तो इलाखा आणि मादी शोधत निघाला. शेतं, नाले, रस्ते, तेलंगणाची सीमा, असं करत ३,००० किलोमीटरहून जास्त चालला. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिलं. शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. तिथे खायला होतं, पाणी होतं, पण दुसरा वाघ एकही नव्हता. त्याच्यासाठी मादी आणावी का, ह्याचा विचार वनखात्यानंही केला. तोही एकाकीच.

वनवाट :
हे दोन्ही दाखले मला महत्त्वाचे वाटतात. एकाकीपण हा ह्या जनावरांचा स्वभाव नाही, रस्ते आणि तुटलेलं रान त्यांच्यावर ते लादतात. शब्द निवडताना हा फरक राहिला पाहिजे, नाहीतर मुलांना वाटेल की प्यूमाला असंच आवडतं, मग पूल कशाला बांधायचा?

आणखी एक भर. नर वाघ पिल्लांना मारतो एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं, आणि परका नर मारतोही. पण राजस्थानातल्या रणथंभोरमध्ये २०११ साली टी-५ वाघीण मेली तेव्हा तिच्या दोन लहान मादी पिल्लांबरोबर टी-२५ हा नर राहू लागला. बहुधा तोच बाप. त्यांना शिकारीवर जेवू द्यायचा, जवळपास फिरायचा. दोन्ही माद्या जगल्या आणि पुढे सरिस्काला नेल्या गेल्या.

सिंहाचं थोडक्यात. तो कळपानं राहतो असं आपण लिहितो, पण गीरमध्ये नर आणि माद्या एरवी वेगवेगळे असतात. नर दोघं-तिघं मिळून, माद्या आपल्या पिल्लांसह. एकत्र दिसतात ते मीलनाच्या वेळी किंवा मोठ्या शिकारीवर. चित्त्यांत भाऊ भाऊ जन्मभर जोडीनं राहतात आणि मादी एकटी पिल्लं वाढवते. मध्य प्रदेशातल्या कुनोत नामिबियाहून आलेले गौरव आणि शौर्य असेच सख्खे जोडीदार होते. म्हणजे एकाच जातीत नर जोडीनं आणि मादी एकटी. 'सॉलिटरी' आणि 'सोशल' अशा दोन खणांत ही मंडळी मावतच नाहीत.

पानगळ :
केवढं मिळालं! आवाजाचं राहिलं. प्यूमाला डरकाळी फोडता येत नाही, मग काय लिहू?

ऊसपट्टा :
डरकाळी वाघाची, गर्जना सिंहाची. बिबट्या रात्री ओरडतो तो करवतीनं लाकूड कापल्यासारखा, आणि मळ्यातली कुत्री एकदम गप्प होतात. प्यूमाचं तुम्ही बघा.

खाडीपार :
प्यूमा घरच्या मांजरासारखा घुरघुरतो. 'गुरगुरतो' नव्हे, ते रागाचं. माजावर आलेली मादी मात्र रात्री अशी ओरडते की बाई किंचाळली असं वाटून इथले लोक पोलिसांना फोन करतात. तिथे 'किंचाळते' हेच क्रियापद घ्या. ती नराला हाक मारते आहे, हे पुढच्या वाक्यात सांगा.

पानगळ :
परिच्छेद असा केलाय. बघा बरं:
'प्यूमा एकांडा असतो. तो एकटा फिरतो, एकटा शिकार करतो. पण त्याच्या वावरात इतरही प्यूमा असतात. माती उकरून, वास सोडून ते एकमेकांना निरोप ठेवतात. कधी कधी तो दुसऱ्याला आपल्या शिकारीवर जेवण्याची परवानगी देतो, आणि पुढे कधीतरी तो दुसराही त्याला तशी परवानगी देतो.'

वनवाट :
एकांडाला माझा विरोध कायम आहे, पण पुढची चार वाक्यं त्याचा अर्थ नीट सांगतात. त्यामुळे मुलांच्या लेखात चालेल. वनखात्याच्या अहवालात मी एकचरच लिहीन.

तेंदूपत्ता :
'परवानगी' काढा, ती कचेरीत मिळते. 'आपल्या शिकारीवर जेवू देतो' एवढंच ठेवा. आणि 'निरोप' राहू द्या, तो एकदम बरोबर बसलाय.